हलू नका, फोकस सापडतोय

प्रबुद्धने शिवानीला पहिल्यांदा पाहिलं ते हैदराबादेत, दिलसुखनगरच्या एका फंक्शन हॉलमध्ये, बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यात, स्टेजवर. आणि पाहिलं म्हणजे असं पाहिलं, की त्याचं पाहून होईपर्यंत त्या हॉलमध्ये सात लग्नं जमली, त्यातली दोन मोडली, आणि एका जोडप्याने मुलाचं नामकरण उरकून त्याला शेजारच्याच कोचिंग सेंटरमध्ये आयआयटीच्या तयारीला बसवलं.

शिवानी हातात माईक धरून उभी होती. नाव, शिक्षण, उंची, नोकरी आणि अपेक्षा सांगून झाल्या होत्या. आता फक्त बायोडाटाला जोडायचा फोटो राहिला होता. स्टेजखाली एक गुडघा टेकून बसलेला प्रबुद्ध डोळ्याला कॅमेरा लावून लेन्सची कडी डावीकडे फिरवत होता, उजवीकडे फिरवत होता, श्वास रोखून पुन्हा केसभर डावीकडे आणत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस बँकेची तिजोरी फोडतोय.

"ताई, हलू नका. फोकस सापडतोय."

"हरवला कुठे होता?" शिवानीने माईकमधूनच विचारलं. हॉल हसला.

मागच्या खुर्च्यांमधून हॉलचा केटरर ओरडला, "अरे मियाँ, फोटो निकालरे की पुतला बनारे?" हॉल पुन्हा हसला. शिवानीही हसली. नेमक्या त्या क्षणी प्रबुद्धचा फोकस सापडला आणि कॅमेरा वाजला.

तिसऱ्या रांगेत मनकर्णाबाईंनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. त्या प्रबुद्धच्या आई. त्यांच्या दुःखाला दोन बाजू होत्या. एक म्हणजे हा मुलगा मेळाव्याला फोटोग्राफर म्हणून आलाच नव्हता. तो वर म्हणून आला होता. अंबरपेठहून निघताना त्यांनी स्वतः त्याच्या क्रीम रंगाच्या शर्टाला इस्त्री केली होती. छत्तिसाव्या वर्षी, सरकारी कचेरीत सीनियर असिस्टंट असलेला, निर्व्यसनी, एकुलता एक मुलगा. पण स्टेजवर जायच्या भीतीने त्याने आयोजकांना सांगितलं, "फोटो मी काढतो," आणि तो स्टेजखालीच बसला. दुसरं दुःख याहून मोठं होतं. घरी येताना रिक्षात त्या बोलल्या, "सगळ्या पोरींना ताई ताई करून आलास. एक उरली नाही. आता घरी जाऊन आरशापुढं उभा ऱ्हा अन् सोताला दादा म्हण."

"आई, फोटोग्राफर असंच म्हणतात."

"फोटोग्राफरला लेकरं असतात, बाप्पा. त्याला चालतं."

प्रबुद्धचा कॅमेरा नवा होता, मिररलेस, चेहरा दिसला की आपणहून फोकस करणारा, डोळा कुठला आणि कान कुठला हे माणसापेक्षा लवकर ओळखणारा. त्याच्याबरोबर आलेली लेन्स प्रबुद्धने कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिली होती. तिला त्याने पुन्हा हात लावला नाही. कॅमेऱ्यावर तो लावायचा म्हाताऱ्या लेन्स. एक रशियन होती, कढईइतकी जड. एक पूर्व जर्मनीची होती. तो देश आता उरलाच नाही, हे प्रबुद्ध घरातला कोणी गेल्याच्या आवाजात सांगायचा. काही फिल्मच्या जमान्यातल्या जपानी. आणि एक होती बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्टरमधली, जिला तो 'थिएटरवाली' म्हणायचा आणि जिच्यातून आजवर एकही फोटो धड आला नव्हता.

यातली एकही लेन्स त्याच्या कॅमेऱ्यासाठी बनलेली नव्हती. मिररलेसच्या पोटातला आरसा काढून टाकलेला असतो, त्यामुळे पुढे थोडी जागा उरते, आणि त्या जागेत बरोबर मापाची धातूची कडी बसवली की दुसऱ्या घराण्यातली लेन्स बसते. या कडीला अ‍ॅडाप्टर म्हणतात. प्रबुद्धच्या लेखी तो निव्वळ धातूचा तुकडा नव्हता, तत्त्वज्ञान होतं. "जगातली कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्याला बसते," तो कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना सांगायचा, "मधे फक्त कडी बरोबर पाहिजे."

कोठी बाजाराच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान चालवणारे खलीलभाई त्याला या कड्या मिळवून द्यायचे. "प्रबुद्धमियाँ," ते म्हणायचे, "लोगां इदर पुराना देके नया लेजाते. तुम अकेले हैं जो नया लाके पुराना लगाते."

एक अडचण होती. जुन्या लेन्सला तारा नाहीत, त्यामुळे ती कॅमेऱ्याला स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. कढईएवढी लेन्स डोक्यावर घेऊनसुद्धा कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं यायची, लेन्स लावलेली नाही. मग मेनूत आत आत जाऊन त्याला बजावावं लागायचं, की बाबा, लेन्स नाही असं वाटलं तरी फोटो काढ. फोकस हाताने. उजेड आत सोडणारं छिद्र हाताने. सगळंच अंदाजाने.

"नव्या कॅमेऱ्याला म्हातारे डोळे कामून लावायलास?" मनकर्णाबाई विचारायच्या. या प्रश्नावर प्रबुद्ध तासभर बोलू शकायचा. इतर कुठल्याही प्रश्नावर तो एका वाक्यापलीकडे जात नसे.

मेळाव्यानंतर दोन दिवसांनी त्याला फोन आला.

"कॅमेरागारू आहेत का?"

हैदराबादेत तीन पिढ्या काढलेल्या घरातली मुलगी. मराठी घरात, तेलुगू ऑफिसात आणि दख्खनी रस्त्यावर. ती कुठल्याही शब्दाला 'गारू' जोडून त्याला मानाने खुर्चीवर बसवायची आणि मग खुर्ची ओढून घ्यायची.

"मी शिवानी. मेळाव्यातली. माझा डावा डोळा फार छान आलाय. एकेक पापणी मोजता येते. पण उजव्याचं काय करायचं? तो पुढच्या मेळाव्याला वेगळा पाठवायचा का?"

तक्रारीत तथ्य होतं. छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की फोकस कागदाच्या जाडीएवढा उरतो. शिवानीचा डावा डोळा धारदार होता, नाक विरघळायला लागलं होतं, उजवा डोळा साईसारखा झाला होता आणि कानांबद्दल खात्रीने काही सांगता येत नव्हतं. मागच्या दिव्यांचे मात्र सुरेख सोनेरी गोल झाले होते. प्रबुद्धला तो आयुष्यातला सर्वोत्तम फोटो वाटला होता.

"मागचे गोल पाहिलेत का?" त्याने विचारलं.

"बाबा म्हणाले, गोलांशी लग्न करायचंय का पोराला?"

मग पुन्हा फोटो काढायचं ठरलं. येत्या रविवारी, अफझलगंजला, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. तिथे सकाळचा उजेड मऊ असतो, असं प्रबुद्धचं म्हणणं होतं.

त्या रविवारी त्याने रशियन लेन्स आणली. ती मागची झाडं भोवऱ्यासारखी फिरवते. शिवानीने पडद्यावर फोटो पाहिला आणि म्हणाली, "अय्यो, मी विहिरीत पडतेय का?" पुढच्या रविवारी जर्मन. तिच्यात रंग इतके थंड आले की शिवानी म्हणाली, "हा फोटो श्रद्धांजलीला ठेवा." त्याच्या पुढच्या रविवारी ऊन फार होतं. एकदा ढग फार होते. एकदा थिएटरवाली काढली आणि दोघंही पायऱ्यांवर बसून पोट धरून हसले, कारण फोटोत शिवानी नव्हतीच, फक्त तिच्या पिवळ्या ओढणीचा उजेड होता.

सुरुवातीच्या रविवारी चुका खऱ्या होत्या. नंतर त्या शोधाव्या लागायला लागल्या. "हनुवटीखाली सावली पडलीय," प्रबुद्ध म्हणायचा, जिथे सावली नव्हती. "टिकली वाकडी आलीय," शिवानी म्हणायची, जी सरळ होती. आणि दोघांनाही हायसं वाटायचं, कारण चूक सापडली म्हणजे पुढचा रविवार सापडला.

तिचे वडील किशनराव अधूनमधून फोन करायचे. ते निवृत्त पोस्टमास्तर. "जयभीम, प्रबुद्धराव. फोटो काढायलात का उत्खनन? एवढ्या वेळात आम्ही एखादा शिलालेख काढला असता."

कोचिंग सेंटरच्या हिशेबखात्यात आठवडाभर आकड्यांत मान घालून बसणारी शिवानी आता लेन्सची झाकणं हातात धरायला शिकली होती. कुठली कडी कुठल्या लेन्सची हे तिला पाठ झालं होतं. त्याचा डबा ती खायची. मनकर्णाबाई रविवारच्या डब्यात हळूहळू चार पोळ्या जास्त घालायला लागल्या होत्या आणि त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हत्या. हे त्यांच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की शेजारणीने तब्येतीची चौकशी केली.

एका रविवारी शिवानीने विचारलं, "कॅमेऱ्याला कळतच नाही का, की लेन्स लावलीय?"

"नाही ना. संपर्कच नाही. ती काही सांगतच नाही त्याला."

"तुमच्यासारखीच आहे," शिवानी म्हणाली. "सगळं आपणच ओळखायचं."

इथे कुठल्याही माणसाने, कचेरीतल्या टेबलाने, ग्रंथालयाच्या पायरीनेसुद्धा काहीतरी बोलायला हवं होतं. प्रबुद्धही बोलला. नव्या लेन्सला मागच्या बाजूला सोनेरी टिपके असतात, त्यातून वीज कशी जाते, हे त्याने सविस्तर समजावून सांगितलं. शिवानीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हातातलं झाकण त्याच्या बॅगेत टाकून ती बसस्टॉपकडे गेली.

त्याला कळलं नव्हतं असं नाही. बस सुटल्यावर कळलं होतं. त्याला सगळं कळायचं, पण कडी फिरवून फिरवून नेमकं जागेवर आल्यावर, आणि तोवर समोरचं माणूस हललेलं असायचं. त्या संध्याकाळी त्याने मनाशी ठरवलं, की बोलायचं. पण असंच नाही. खलीलभाईंकडे एक जपानी लेन्स आली होती, चेहऱ्यांसाठीच जन्मलेली. तिच्यातून शिवानीचा फोटो काढायचा, तो तिच्या हातात द्यायचा, आणि त्याच दिवशी विचारायचं. लेन्स त्याने घरी आणलीसुद्धा. फक्त तिची कडी यायची होती.

कडी येईना. खलीलभाई म्हणायचे, "आरी मियाँ, रस्ते में है." प्रबुद्ध दर रविवारी ती लेन्स रुमालात गुंडाळून घेऊन जायचा, शिवानीला दाखवायचा आणि परत गुंडाळायचा.

"हिच्यातून काढा ना एकदा," ती म्हणाली.

"कडी नाही."

"नाही आली तर?"

"येईल. त्याशिवाय बसत नाही."

शिवानीने लेन्स उचलली आणि कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडासमोर नुसती धरली. "अशी धरून काढा. मी धरते."

तिची बोटं त्याच्या बोटांना लागत होती. मधून उजेड शिरत होता. पडद्यावर पायऱ्या, कबुतरं, तिची बांगडी असं काहीबाही लाटेसारखं हलत होतं.

"हलेल," प्रबुद्ध म्हणाला.

"हलू दे."

"फोकस जाईल."

शिवानीने लेन्स कॅमेऱ्यासमोरून काढली. मग तिने ती रुमालात ठेवली आणि रुमालाची चारही टोकं नीट दुमडली.

कडी आली. ज्या रविवारी ती लेन्सवर फिरून 'टक' आवाज करत बसली, त्या रविवारी प्रबुद्ध उजाडल्यापासून आरशासमोर एक वाक्य म्हणत होता. मनकर्णाबाईंनी न विचारता क्रीम रंगाच्या शर्टाला इस्त्री केली.

शिवानी पिस्ता रंगाची साडी नेसून आली होती. पायरीवर बसली नाही. उभीच राहिली.

"नांदेडचं स्थळ आलंय," ती म्हणाली. "मुलगा पुण्यात असतो. त्यांनी संध्याकाळपर्यंत फोटो मागितलाय. म्हणजे आजचा शेवटचा."

"असं का," प्रबुद्ध म्हणाला.

"हौ. असं."

कबुतरं उडाली, परत बसली.

"तुम्हाला काही बोलायचंय का?" ती म्हणाली. आज 'कॅमेरागारू' नव्हतं.

वाक्य घशापर्यंत आलं होतं. पाठ होतं. पण प्रबुद्धला वाटलं, आधी फोटो. आपण हिला कसं बघतो ते हिने एकदा बघितलं की वाक्याची गरजच पडणार नाही. आपण बोललो तर चुकू. फोटो चुकणार नाही. पहिल्यांदाच त्याने छिद्र लहान केलं, म्हणजे दोन्ही डोळे, नाक, कान, कपाळावर आलेली एक बट, सगळी शिवानी स्पष्ट यावी. मागचे सोनेरी गोल त्याने सोडून दिले. त्याच्यासाठी तो मोठा त्याग होता.

कॅमेऱ्यात एक सोय असते. जुन्या लेन्सवाल्यांना तिचाच आधार. चित्राचा एक तुकडा दहापट मोठा करून बघता येतो, आणि जिथे फोकस बसला तिथल्या कडा लाल चमकतात. प्रबुद्धने तिचा डोळा मोठा केला. आज नशीब त्याच्या बाजूने होतं. खालच्या पापणीवर उजेडाचा एक लखलखीत ठिपका होता, आणि त्याच्याभोवती लाल रेघ लगेच उमटली. इतक्या लवकर त्याला आयुष्यात कधी फोकस सापडला नव्हता.

तेवढ्यात शिवानीचा हात डोळ्याकडे जायला निघाला.

"हलू नका," प्रबुद्ध म्हणाला.

हात खाली गेला. कॅमेरा वाजला.

"झालं?"

"झालं," तो म्हणाला. "एकदम परफेक्ट."

तिने पडद्यावर फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. त्यात एकही चूक नव्हती. तिने शोधली असावी. मग कॅमेरा परत दिला. "पाठवा मला," ती म्हणाली, आणि निघाली. प्रबुद्धने दुपारी तो पाठवला, खाली काहीही न लिहिता, कारण सगळं त्यात होतं. मग तो उत्तराची वाट बघत बसला. उत्तर आलं ते किशनरावांचं. "जयभीम. शेवटी शिलालेख सापडला म्हणायचा! फारच सुंदर. पुढे पाठवला."

दिवेलागणीला त्याने तो फोटो नुसता बघावा म्हणून कॉम्प्युटरवर मोठा करून उघडला. तो ठिपका उजेडाचा नव्हता. खालच्या पापणीच्या काठावर पाणी उभं होतं, आता सांडेल असं. लेन्स खरोखर चेहऱ्यांसाठीच जन्मलेली होती. त्या पाण्यात ग्रंथालयाची कमान होती, आभाळाचा तुकडा होता, आणि मधोमध एक क्रीम शर्टातला माणूस होता. त्या माणसाला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी कॅमेरा होता.

त्याने फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"शिवानी," तो म्हणाला. ताई नाही. पहिल्यांदाच.

"बोला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मी..."

"हां. बोला ना."

"कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून देऊ का?"

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"नको," शिवानी म्हणाली. "राहू द्या. बाबांनी पाठवला पण."

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, म्हणजे जे बोललं गेलं नव्हतं ते. एरवी या प्रसंगावर त्या पंधरा दिवस बोलू शकल्या असत्या. त्या फक्त येऊन पडद्यासमोर बसल्या आणि त्या मोठ्या केलेल्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"पोरगी रडायली की रे," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् तू काय करायलास?"

"फोकस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच पदर खोचून किशनरावांच्या घरी गेल्या. प्रबुद्धने नको म्हटलं नाही. पण नांदेडचा फोन आदल्या रात्रीच येऊन गेला होता. फोटो पाहताक्षणी घरातल्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं. मुलाची आजी तर म्हणाली होती, अशी जिवंत नजर फोटोत कधी बघितली नाही, डोळ्यांत काय तेज आहे पोरीच्या. किशनरावांनी मनकर्णाबाईंना पेढा दिला आणि म्हणाले, "तुमच्या प्रबुद्धरावांचे उपकार आहेत, बाई. तुम्ही आधी काही बोलला असता तर..." आणि ते वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं, चांगला माणूस म्हणून. मनकर्णाबाईंनी पेढा रुमालात बांधून घरी आणला. तो कोणी खाल्ला नाही.

लग्न त्याच फंक्शन हॉलमध्ये झालं. प्रबुद्ध क्रीम शर्ट घालून गेला, हात मोकळे. पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं उडाली. शिवानीने नवऱ्याला ओळख करून दिली, "हे प्रबुद्ध. तो फोटो यांनीच काढलेला." नवरा भला माणूस होता. त्याने दोन्ही हातांनी प्रबुद्धचा हात धरला आणि म्हणाला, "थँक्यू, दादा."

तिसऱ्या रांगेत मनकर्णाबाईंनी मान खाली घातली.

लग्नाचे फोटो नांदेडहून आणलेल्या फोटोग्राफरने काढले, ऑटोफोकसवर. सगळे चांगले आले.